फोन लावला की वाट कोण दाखवतं?



वीज गेली, डीपी जळाली किंवा तार तुटून शेतात पडली, की आपण १९१२ हा नंबर लावतो. आपल्या गावातून लावला तर तो महावितरणच्या माणसाकडे जातो आणि पलीकडून मराठीत विचारणा होते. हाच १९१२ सुरतेजवळच्या खेड्यातल्या बाईने लावला, तर तिला तिथल्या वीज कंपनीचा माणूस भेटतो आणि तिच्याशी गुजरातीत बोलतो. आकडे तेच चार आहेत. मग तिचा फोन तिकडे आणि आपला इकडे, हे ठरवतं कोण?

आज आपण त्याचीच माहिती घेणार आहोत. हा विषय इंजिनिअर लोकांचा वाटेल, पण तसं नाही. रात्री-अपरात्री पोटात कळा येणाऱ्या सुनेसाठी फोन लावायचा असेल, तर तो कोणत्या वाटेने जातो हे घरातल्या बाईला माहीत असावं. वाट माहीत असली की आपण नीट सांगतो, आणि नीट सांगितलं की मदत लवकर येते.

पूर्वी वाट दाखवणारी एक बाई होती

पूर्वी टेलिफोन केंद्रात ऑपरेटर बसायची. समोर मोठा लाकडी फळा, त्यावर भोकं, आणि हातात टोकाला पिन असलेल्या दोऱ्या. आपण फोन उचलला की ती विचारायची, "कोणता नंबर?" आपण सांगितलं की ती आपली दोरी त्या घराच्या भोकात खुपसायची आणि बोलणं सुरू व्हायचं.

हे काम जगात अगदी पहिल्यांदा मुलं करत. पण ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत, मस्करी करत. म्हणून अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट नावाच्या बाईला कामावर घेतलं. जगातली ती पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर. पुढे बऱ्याच देशांत हे काम बायकांचंच झालं.

या ऑपरेटर बाईची खरी किंमत दोरी खुपसण्यात नव्हती. तिला माणसं माहीत होती. समजा कोणी म्हणालं, "बाई, डॉक्टरांना जोडून द्या." तर ती सांगू शकायची, "डॉक्टर दवाखान्यात नाहीत हो, पाटलांच्या वाड्यावर तपासायला गेलेत. तिकडेच जोडते, थांबा." नंबर दवाखान्याचा होता, पण गिऱ्हाइकाला हवा होता डॉक्टर. तिने नंबरामागची गरज ओळखली. आजचा आपला सगळा विषय याच एका गोष्टीभोवती आहे.

मग यंत्र आलं

पण माणसाच्या हाती कारभार असला की खोटही येते. अमेरिकेत अल्मन स्ट्राउजर नावाचा माणूस अंत्यविधीचं सामान पुरवायचा आणि व्यवस्था करायचा. गोष्ट अशी सांगतात, की केंद्रातली ऑपरेटर त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन त्याच्या स्पर्धकाकडे जोडते, असा त्याला संशय आला. मधे माणूसच नको, म्हणून त्याने आपोआप फोन जोडणारं यंत्र बनवलं. १८९१ साली त्याला त्याचा हक्क मिळाला आणि १८९२ मध्ये असं पहिलं केंद्र सुरू झालं.

आपल्याकडे दुसऱ्या गावाला थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत पहिल्यांदा झाली. त्याआधी ट्रंक कॉल लावायचा आणि तासन् तास वाट बघत बसायचं. खेड्यापर्यंत हे पोचायला आणखी वेळ लागला. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने खास खेड्यांसाठी छोटं केंद्र बनवलं. धुळीत, उकाड्यात, एसी नसलेल्या खोलीतही ते चालायचं. त्यातलं पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. पुढे गावोगावी पिवळ्या पाटीची एसटीडीची दुकानं दिसायला लागली, ती अशा केंद्रांमुळेच.

हे यंत्र आकडे वाचायचं. शून्य आला म्हणजे परगाव. पुढे २१६२ आला म्हणजे सातारा. त्यापुढचे आकडे म्हणजे साताऱ्यातलं एक घर. फाट्यावरच्या पाट्या वाचत गाडी जावी, तसं. यंत्र कोणाची बाजू घेत नव्हतं, रात्री झोपत नव्हतं आणि चोरून ऐकतही नव्हतं. पण त्याला डॉक्टर माहीत नव्हता, फक्त दवाखान्याचं भोक माहीत होतं. डॉक्टर वाड्यावर असला तरी घंटी रिकाम्या दवाखान्यातच वाजत राहायची. ऑपरेटर बाई गेली, आणि तिच्याबरोबर तिची समजही गेली.

दहा वह्यांची गोष्ट

ही समज यंत्राला परत द्यायची कशी? पहिला विचार असा, की प्रत्येक केंद्राला ती शिकवायची. पण देशात केंद्रं हजारो. समजा एखाद्या बँकेने एकच नंबर जाहीर केला, आणि तो सकाळी पुण्याला व रात्री नागपूरला वाजावा असं ठरवलं. तर हा नियम हजारो केंद्रांत लिहायचा. उद्या नागपूरचं ऑफिस हललं, की पुन्हा हजारो ठिकाणी खोडायचं.

आपल्या बचत गटावरून बघा. गटात दहा जणी आहेत आणि प्रत्येकीच्या घरी हिशोबाची वेगळी वही आहे. व्याजाचा दर बदलला की दहाही वह्यांत बदल करायचा. एकीने नाही केला, की पुढच्या बैठकीत भांडण. म्हणून आपण काय करतो? गटाची एकच वही ठेवतो, ती सचिवताईकडे असते, आणि कुणालाही काही विचारायचं असेल तर ती वही बघायची.

टेलिफोनवाल्यांनी नेमकं हेच केलं. १९८१ साली अमेरिकेत फुकट लागणाऱ्या ८०० नंबरांसाठी अशी एक मध्यवर्ती वही सुरू झाली. पुढे त्याच दशकात या पद्धतीला नाव मिळालं 'इंटेलिजंट नेटवर्क', म्हणजे हुशार जाळं. १९९० नंतर सगळ्या देशांसाठी तिचे सारखे नियम ठरले. आपल्या देशातले १८०० ने सुरू होणारे नंबर याच पद्धतीने चालतात. आता यंत्रं बदलली, केंद्राच्या जागी कॉम्प्युटर आले, तरी कल्पना तीच आहे.

या पद्धतीत तीन गोष्टी असतात. पहिली, फोन जोडणारं केंद्र. ते हात आहेत. दुसरी, नियम लिहिलेली वही, म्हणजे एका ठिकाणचा मोठा कॉम्प्युटर. ते डोकं आहे. आणि तिसरी, या दोघांत निरोप नेणारी वेगळी वाट. आपलं बोलणं जातं त्या वाटेने हे निरोप जात नाहीत. त्यामुळे आधी चौकशी होते आणि मगच बोलण्याची लाइन अडवली जाते. पलीकडे जागा नसेल तर लाइन फुकट गुंतून राहत नाही.

आता एक फोन लावून बघू

शेतीच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारचं किसान कॉल सेंटर आहे. ते २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालं. नंबर १८००-१८०-१५५१. पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस. तुमच्या तुरीवर अळी पडलीय आणि तुम्ही हा नंबर लावला. आता पुढे काय काय होतं?

तुमचा फोन जवळच्या मनोऱ्यावरून, म्हणजे टॉवरवरून, केंद्रात पोचतो. केंद्र आकडे वाचतं. सुरुवातीला १८०० दिसलं की त्याला एवढंच शिकवलेलं असतं, 'थांब. हा कुठल्या घराचा नंबर नाही. वहीला विचार.' केंद्र निरोप पाठवतं, 'अमुक नंबर मागितलाय, फोन महाराष्ट्रातून आलाय, कुठे जोडू?' वही बघते आणि खरा नंबर कळवते, 'अमुक ठिकाणी जोड. आणि पैसे लावणाऱ्या बाईच्या नावावर टाकू नको, सेवा देणाऱ्याच्या नावावर टाक.' मग केंद्र तो खरा नंबर लावतं. ही सगळी विचारपूस एका सेकंदाच्या आत उरकते. आपण फक्त क्षणभर शांतता ऐकतो.

म्हणजे १८०० चा नंबर हा नंबर नसून नाव आहे असं समजा. 'कुलकर्णी मास्तर' म्हटलं की गावात कोणीही सांगतं ते कुठे राहतात. मास्तरांनी घर बदललं तरी नाव बदलत नाही. तसंच ऑफिस हललं तरी आपला पाठ असलेला नंबर तोच राहतो. बदल फक्त वहीत होतो, आणि तोही एकदाच.

ही वही कोणकोणत्या गोष्टी बघून वाट ठरवते? एक, फोन कुठून आला. दोन, वेळ काय आहे. दिवसा एका ऑफिसला आणि रात्री दुसऱ्या, असं ती करू शकते. तीन, गर्दी किती आहे. एका ठिकाणी सगळे बोलण्यात गुंतले असतील तर पुढच्या ठिकाणी पाठवते किंवा रांगेत ठेवते. चार, आपण काय निवडलं. 'मराठीसाठी अमुक आकडा दाबा' हे ऐकून आपण जो आकडा दाबतो, त्यावरूनही वाट ठरते. म्हणून ते बोलणं ऐकून घ्यायचं. घाईने भलताच आकडा दाबला की फोन भलत्याच टेबलावर जातो.

आपल्या मोबाईलमध्येही हीच वही आहे

प्रीपेड मोबाईल याच कल्पनेवर चालतो. आपण नंबर लावला की जोडण्याआधी केंद्र विचारतं, 'या बाईचं रिचार्ज आहे का? मुदत संपली का?' आहे म्हटलं तर फोन लागतो. नाही म्हटलं तर एक गोड आवाज सांगतो, आपलं रिचार्ज संपलं आहे. महिनाअखेर बिल येण्याची भीती नाही, हातात असतील तेवढे पैसे टाकायचे. वही क्षणोक्षणी बघता येते म्हणूनच ही सोय मिळाली.

दुसरी सोय, नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची. पूर्वी मोबाईलचे सुरुवातीचे आकडे बघितले की कंपनी कळायची. यंत्रही तेच बघून फोन पाठवायचं. त्यामुळे गावात त्या कंपनीचा टॉवर नीट लागत नसला तरी आपण अडकून पडायचो. कंपनी बदलली तर नंबर बदलायचा, आणि बँकेत, गॅसकडे, पोरांच्या शाळेत, माहेरी सगळीकडे नवा नंबर कळवत बसायचं. २० जानेवारी २०११ पासून देशभर ही अडचण सुटली. आता फोन जोडण्याआधी एका वहीत बघितलं जातं, की हा नंबर सध्या कोणत्या कंपनीकडे आहे. त्यासाठी १९०० या नंबरावर पोर्ट असा मेसेज करायचा असतो. तुमच्या वस्तीवर एका कंपनीची रेंज येत नसेल तर सहन करत बसू नका.

वहीला कळत नाही ते आपण सांगायचं

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे जाळं हुशार म्हणतात, पण त्याला वहीत लिहिलंय तेवढंच कळतं. त्या जुन्या ऑपरेटर बाईसारखं ते तुमचा आवाज ओळखत नाही. आपल्या कामाचे तीन धडे यातून निघतात.

पहिला धडा जागेचा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, तिन्हींसाठी ११२ हा नंबर आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. हे फोन कुठे जोडायचे हे बहुतेक वेळा ठरतं तुमचा फोन कोणत्या टॉवरने पकडला त्यावरून. सिरोंचा, देगलूर, अक्कलकोट, चंदगड अशा सीमेवरच्या तालुक्यांत कधी कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर जास्त जोरात असतो. मग फोन पलीकडे जातो. घाबरून ठेवून देऊ नका. पहिलं वाक्य हेच बोला, "मी महाराष्ट्रातून बोलतेय." मग जिल्हा, तालुका, गाव, वस्ती, आणि शेवटी खूण. शाळेमागे, पाण्याच्या टाकीजवळ, मारुतीच्या देवळासमोर, अशी. टॉवरवरून जागा अंदाजे कळते. तो अंदाज काही किलोमीटर इकडे तिकडे असू शकतो, आणि आपल्याकडे एका नावाची गावं कितीतरी असतात. समोरचा विचारेपर्यंत थांबू नका. आणि बोलणं संपलं तरी फोन बंद करू नका. गाडीवाला वाट विचारायला उलट फोन करतो.

रिचार्ज संपलं तरी ११२ लागतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. साध्या बटनाच्या नव्या फोनवर ५ किंवा ९ चं बटन दाबून धरलं, किंवा स्मार्टफोनचं चालू-बंदचं बटन लागोपाठ तीनदा दाबलं, तरी मदतीचा फोन जाण्याची सोय सरकारने सक्तीची केली आहे. तुमच्या हँडसेटवर ती कशी आहे, हे दुकानदाराला विचारून घ्या. बघूया लागतो का, म्हणून मात्र ११२ लावू नका. त्या वेळी खऱ्या अडचणीतली कोणीतरी रांगेत असते. घरात मारहाण होत असेल, कोणी धमकावत असेल, तर महिलांसाठी १८१ आहे. हा नंबर पाठ करायला सोपा आहे. फोनमध्ये नाव घालून ठेवण्यापेक्षा पाठ असलेला बरा, कारण फोन हिसकावून घेतला तर शेजारणीच्या फोनवरूनही तो लावता येतो.

दुसरा धडा नंबराच्या खरेपणाचा. वही सांगेल तिकडे केंद्र जोडतं. पण आपण नंबरच खोटा लावला तर वही काय करणार? बँकेचा किंवा गॅसचा मदत नंबर इंटरनेटवर शोधून लावला आणि तो चोराचा निघाला, असं होतं. म्हणून नंबर घ्यायचा तो पासबुकवरून, एटीएम कार्डाच्या पाठीवरून किंवा बिलावरून. आणखी एक, १८०० ने सुरू होणारा नंबर आपल्याला फुकट असतो, पण १८६० ने सुरू होणाऱ्याला आपले पैसे लागू शकतात. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून नीट बघा.

तिसरा धडा कॉल वळवण्याचा. आपला फोन दुसऱ्या नंबरावर वळवायची सोय वहीत असते. डॉक्टर वाड्यावर आहेत, तिकडे जोडते, असं ऑपरेटर बाई म्हणायची ना, तेच हे. पण वही विचारत नाही की तुम्ही हे समजून करताय का. चोर फोन करतो, "ताई, तुमचं पार्सल आलंय," किंवा "तुमचं सिम बंद होणार आहे, एवढे आकडे दाबा." चांदणीचं बटन, ४०१, पुन्हा चांदणी आणि पुढे एक मोबाईल नंबर. आपण दाबलं की वहीत नोंद होते, आणि आपले फोन त्याच्याकडे वाजायला लागतात. बँकेचा ओटीपी सांगणारा फोनसुद्धा. असे प्रकार वाढले म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून, आकडे दाबून कॉल वळवण्याची ही सोय थांबवा, असं कंपन्यांना सांगितलं. तरी सावध राहा. कोणी फोनवर सांगेल ते आकडे दाबायचे नाहीत. अचानक फोन येईनासे झाले तर मोबाईलच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' चालू आहे का ते बघा, किंवा कंपनीच्या दुकानात जाऊन विचारा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

गटाने काय करावं?

येत्या बैठकीत अर्धा तास काढा. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नंबर लिहा. ११२ पोलीस, आग, रुग्णवाहिका. १०८ रुग्णवाहिका. १८१ महिला मदत. १९१२ वीज. १९३० फोनवरची फसवणूक. १८००-१८०-१५५१ शेती. खाली आपल्या वस्तीचा पूर्ण पत्ता लिहा, जिल्हा, तालुका, गाव, आणि गाडीवाल्याला सापडेल अशी एक खूण. तो पुठ्ठा अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत लावा. मग एकेकीने तो पत्ता मोठ्याने, न अडखळता सांगून दाखवायचा. सासूबाईंनी सांगायचा, शाळेतल्या पोरीनेही सांगायचा. घरात त्या वेळी कोण असेल हे आपल्या हातात नसतं.

किसान कॉल सेंटरला मात्र बैठकीतूनच एकदा खरोखर फोन लावा. स्पीकर चालू ठेवा, आपल्या पिकाचा खरा प्रश्न विचारा, उत्तर सगळ्यांनी ऐका. उत्तर मिळालं नाही, किंवा फोन लागलाच नाही, तर तारीख आणि वेळ गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढे ग्रामसभेत किंवा कृषी सहायकाकडे तक्रार मांडायची तर 'फोन लागत नाही' एवढं म्हणून भागत नाही. 'अमुक तारखेला, इतक्या वाजता, इतक्या वेळा लावला' असं म्हटलं की ऐकून घ्यावं लागतं.

डोंगराआड रेंजच नसेल तर कितीही हुशार जाळं असलं तरी उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. हुशारी केंद्रात असते, पण केंद्रापर्यंत पोचायला टॉवर लागतो. ज्या वस्तीवर रेंज नाही तिथे ती कुठल्या टेकाडावर, कुठल्या झाडाखाली येते, हे सगळ्यांना माहीत असू द्या. आणि टॉवरची मागणी ग्रामसभेच्या ठरावात येऊ द्या.

एवढं केलंत तर अडीअडचणीला फोनवर बोलणारी बाई चाचपडणार नाही. कुठे लावायचं आणि काय सांगायचं, हे तिला आधीच माहीत असेल. तुमच्या गटाचा पुठ्ठा तयार झाला की आम्हाला जरूर कळवा.